रक्ताचा आजार असताना लघवीचं इन्फेक्शन: ताप, नमुना आणि औषधाची निवड

लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. एरवी धडधाकट असलेल्या बाईला हे झालं तर तीन ते पाच दिवसांच्या गोळ्यांवर बहुतेक वेळा भागतं. रक्ताचा आजार असलेल्या माणसाला हेच झालं तर त्यामागे साधं मूत्राशयाचं इन्फेक्शन असेल, रक्तात उतरू लागलेलं इन्फेक्शन असेल, केमोच्या औषधाने भाजून निघालेलं मूत्राशय असेल किंवा मूत्रपिंडातून होणारा रक्तस्राव असेल. तक्रार एकच, उपचार मात्र इतके वेगळे की एका कारणावरचं औषध दुसऱ्या कारणात घात करतं. म्हणून लघवीची तक्रार सुरू झाली की पहिली नजर रक्ताच्या रिपोर्टवर जायला हवी. लघवीचा रिपोर्ट त्यानंतर.

खालची माहिती रुग्ण, घरची माणसं आणि अशा रुग्णाला अधूनमधून तपासणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. औषधांची नावं आणि मात्रा समजून घेण्यासाठी दिल्या आहेत, दुकानातून स्वतः आणून घेण्यासाठी नाहीत.

एका कागदावर सहा गोष्टी

रात्री-अपरात्री इमर्जन्सीमध्ये गेल्यावर समोरच्या डॉक्टरांना तुमची फाइल माहीत नसते. म्हणून एका कागदावर सहा गोष्टी लिहून पाकिटात ठेवा आणि दर तपासणीनंतर कागद बदला.

पहिली, न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या. ती रिपोर्टवर थेट छापलेली नसेल तर हिशेब सोपा आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. एकूण पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर संख्या ३६०. पाचशेच्या खाली गेलं की धोका मोठा, आणि शंभरच्या खाली सर्वांत मोठा. केमोनंतर ही संख्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळ गाठते. त्यामुळे शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली तेही लिहा.

दुसरी, प्लेटलेट किती आहेत. तिसरी, प्लीहा आहे का, आणि असली तर काम करते का. सिकलसेलमध्ये ती लहानपणीच निकामी होत जाते, थॅलेसेमियात काहींची काढून टाकलेली असते. चौथी, जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का (ती असेल तर काही औषधांनी लाल पेशी फुटतात). पाचवी, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा. सहावी, चालू असलेली सगळी औषधं. त्यात रोजची इन्फेक्शन-प्रतिबंधक गोळी, लोह उतरवणारं औषध आणि रक्त पातळ करणारी गोळी आवर्जून लिहा. हीच तीन औषधं सांगायची राहून जातात.

जी-सिक्स-पीडीच्या चाचणीत एक खाच आहे. लाल पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर कमतरता असूनही चाचणी नॉर्मल येऊ शकते. कारण जुन्या, कमकुवत पेशी आधीच संपलेल्या असतात आणि नळीत पोहोचतात त्या ताज्या किंवा दुसऱ्याच्या पेशी. असा नॉर्मल रिपोर्ट पक्का धरू नये. तीनेक महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी.

ताप आला तर बाकी सगळं नंतर

न्यूट्रोफिल कमी असताना तोंडातलं तापमान एकदा जरी ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट, भरलं, किंवा ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट तासभर टिकलं, तर ती इमर्जन्सी आहे. सकाळची वाट बघायची नाही. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि ते सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतलेलं असावं. लघवीचा नमुना लगेच मिळाला तर उत्तम, पण लघवी होत नाही म्हणून औषध थांबवून ठेवू नये. दारातच स्पष्ट सांगा: ‘केमो चालू आहे, न्यूट्रोफिल इतके आहेत, ताप इतका आहे.’ या एका वाक्याने रांगेतला वेळ वाचतो.

सिकलसेलच्या रुग्णाला किंवा प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूट्रोफिल भरपूर असले तरी ताप तितकाच गंभीर. सिकलसेलमध्ये ३८.५ अंश, म्हणजे १०१.३ फॅरनहाइट, या आकड्याला थेट रुग्णालय गाठायचं. लघवीला जळजळ आहे म्हणजे ताप त्यामुळेच असणार, असं गृहीत धरून घरी बसू नका. न्यूमोकॉकससारखे जंतू अशा शरीरात काही तासांत रक्तभर पसरतात आणि लघवीची तक्रार त्यांना झाकून टाकते.

थॅलेसेमियात डेफेरिप्रोन ही लोह उतरवणारी गोळी घेणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे, आणि तो पाळायला विसर पडतो म्हणून ठसवून सांगावासा वाटतो. या गोळीमुळे काही रुग्णांचे न्यूट्रोफिल अचानक जवळजवळ शून्यावर येतात. ताप किंवा कुठल्याही इन्फेक्शनची लक्षणं दिसली की डेफेरिप्रोनची पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. डेफेरॉक्झामिन या लोह उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा पंपही तापात बंद ठेवतात, कारण येर्सिनियासारख्या काही जंतूंना त्या औषधाने बांधलेलं लोह वापरता येतं. डेफेरासिरॉक्स हे तिसरं लोह उतरवणारं औषध मूत्रपिंडावर ताण आणतं. उलट्या-जुलाब होऊन शरीर कोरडं पडलं असेल तर ते किती दिवस थांबवायचं हे लगेच डॉक्टरांना विचारा.

ताप मोजताना काही साध्या चुका होतात. चहा किंवा गार पाणी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच तोंडात थर्मामीटर ठेवा. पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी मोजा आणि आकडा वेळेसकट लिहा, कारण गोळीनंतरचा ‘नॉर्मल’ आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट कमी असताना गुदद्वारातून तापमान मोजायचं नाही. बत्ती आणि एनिमाही द्यायचा नाही. तिथल्या नाजूक अस्तराला बारीक चीर पडली तरी जंतूंना वाट मिळते.

स्टेरॉइड चालू असेल तर ताप येईलच असं नाही. हुडहुडी भरणं, ३६ अंशांखाली उतरलेलं तापमान, जोराचा श्वास, चक्कर, बोलण्यात असंबद्धता, सहा-आठ तास लघवीच न होणं, यांतलं काहीही दिसलं तर ताप आला आहे असंच समजून निघा. कंबरेच्या वर, बरगड्यांखाली एका बाजूला दुखत असेल तर इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलं असण्याची शक्यता धरायची.

नमुना कसा द्यायचा

निम्मे वादग्रस्त रिपोर्ट खराब नमुन्यातून जन्मतात, हे आमचं ठाम मत आहे. म्हणून इथे थोडं सविस्तर.

१. हात साबणाने धुवा. डबीचं झाकण काढून उताणं, म्हणजे आतली बाजू वर करून, स्वच्छ जागी ठेवा. डबीच्या आत आणि काठाला बोट लावू नका.

२. बायकांनी दोन बोटांनी योनीचे ओठ वेगळे धरून, पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ गॉझने पुढून मागे पुसावं. पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून टोक पुसावं. प्लेटलेट कमी असतील तर घासू नका, नुसतं टिपून घ्या. जंतुनाशक वापरू नका. त्याचा थेंब डबीत गेला तर कल्चरच मरतं.

३. पहिली धार, साधारण २० ते ३० मिलिलिटर, संडासात सोडा. धार न थांबवता डबी मध्ये धरा आणि ही मधली लघवीच घ्या. उरलेली पुन्हा संडासात.

४. झाकण घट्ट लावून नाव, वेळ आणि ‘अँटिबायोटिक चालू आहे की नाही’ हे लिहा. रोजची प्रतिबंधक गोळीही यात धरायची.

५. डबी तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा, फार तर दोन तासांत. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. तिथे ती २४ तासांपर्यंत चालते. फ्रीजरमध्ये ठेवू नका.

वेळेचा इतका आग्रह का, ते आकड्यांत बघा. पोषक वातावरणात आणि ऊबेत ई. कोलाय हा लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू दर वीस मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. डबीत दर मिलिलिटरला शंभर जंतू चुकून गेले असतील आणि त्या वेगाने ती चार तास गरम गाडीत राहिली, तर कागदावरच्या हिशेबाने बारा वेळा दुप्पट होऊन ते चार लाखांवर जातात. एक लाख हा ‘इन्फेक्शन’चा नेहमीचा आकडा, म्हणजे खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात येतो आणि पाठोपाठ नको असलेलं औषध.

नमुना देता येत नाही म्हणून कॅथेटर घालण्याची घाई करू नये. प्लेटलेट कमी असताना त्याने मूत्रमार्गात रक्तस्राव होतो आणि न्यूट्रोफिल कमी असताना जंतू आत ढकलले जातात. आधीपासून कॅथेटर असेल तर पिशवीतली लघवी कधीच पाठवू नका. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्यातून आलेली लघवी घ्यावी. जुन्या नळीच्या आतल्या थरावर वाढलेले जंतू मूत्राशयातलेच असतात असं नाही.

रिपोर्ट वाचताना

‘पस सेल नाहीत, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे वाक्य न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णाला लागू नाही. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिल. तेच रक्तात नाहीत तर लघवीत कुठून येणार? लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरची ल्युकोसाइट एस्टरेजची चौकटसुद्धा याच पेशींच्या एन्झाइमवर रंग बदलते, त्यामुळे तीही कोरी राहते. जळजळ, कळ आणि सूजही कमी जाणवते, कारण तीही याच पेशींनी उठवलेली असते. अशा रुग्णात नुसती ‘जरा जास्त वेळा जावं लागतं’ एवढी तक्रार असली तरी कल्चर पाठवायला हवं.

नायट्राइटच्या चौकटीचं गणित वेगळं. लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करायला जंतूंना मूत्राशयात सुमारे चार तास लागतात. सारखं जावं लागणाऱ्याच्या मूत्राशयात लघवी तेवढा वेळ थांबतच नाही. शिवाय एन्टेरोकॉकस हा जंतू नायट्राइट बनवत नाही, आणि तो या रुग्णांत नेहमी भेटतो. क जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेतला असेल तर रक्त, नायट्राइट आणि ल्युकोसाइट या तिन्ही चौकटी खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. उलट, सायक्लोफॉस्फामाइड किंवा आयफॉस्फामाइड या केमोच्या औषधांसोबत मूत्राशय जपायला दिलेल्या मेस्नामुळे कीटोनची चौकट खोटी पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून मधुमेह बिघडला असं समजू नये.

कल्चरमध्ये एकाच जातीचे जंतू दर मिलिलिटरला एक लाख किंवा अधिक असतील तर अर्थ स्पष्ट आहे. लक्षणं असताना एक हजारही पुरेसे ठरू शकतात. तीन-चार जातींची मिश्र वाढ आणि सोबत भरपूर एपिथेलियल (अस्तराच्या) पेशी असतील तर नमुना बाहेरच्या कातडीने दूषित झाला आहे, तो पुन्हा द्या. लॅबच्या फॉर्मवर ‘न्यूट्रोपेनिया’, म्हणजे न्यूट्रोफिल कमी, असं लिहिलेलं असावं, म्हणजे थोडी वाढ किंवा यीस्ट ‘क्षुल्लक’ म्हणून वगळली जाणार नाही. लघवीतला कॅन्डिडा हा यीस्ट एरवी तक्रार नसेल तर सोडून देतात. न्यूट्रोफिल कमी असताना मात्र तो रक्तातल्या बुरशीची पहिली खूण असू शकतो, आणि त्यावर उपचार करतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. काहीही तक्रार नाही, ताप नाही, आणि केवळ नेहमीच्या तपासणीत जंतू निघाले, तर बहुतेक रुग्णांना औषध देऊ नये. गर्भारपण आणि अस्तराला जखम होईल अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे ठरलेले अपवाद. सिकलसेल असलेल्या गर्भवतीचं लघवीचं कल्चर तर तक्रार नसतानाही करायचंच. बाकीच्यांत प्रत्येक अनावश्यक कोर्समागे मागे उरतात ते त्या औषधाला न जुमानणारे जंतू, आणि पुढे खरा ताप येतो तेव्हा हाती उरलेली औषधं कमी असतात. न्यूट्रोफिल अगदी तळाला असतील तर हा निर्णय रक्तविकारतज्ज्ञावर सोडा.

लघवी लाल दिसली तर

काचेच्या स्वच्छ ग्लासात लघवी घेऊन उजेडासमोर धरा. लाल गढूळ आहे आणि थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी लाल थर बसतो, वरची लघवी फिकी होते, तर त्यात लाल पेशी आहेत, म्हणजे रक्तस्राव. कोऱ्या चहासारखी किंवा कोकाकोलासारखी गडद आहे, पण गढूळ नाही आणि तळाशी काही बसत नाही, तर पेशी रक्तातच फुटून हिमोग्लोबिन लघवीत उतरत असण्याची शक्यता. लॅबमध्ये याचीच खूण अशी: पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत. अशा वेळी डोळे पिवळे, चेहरा फिका, धाप लागणं यांपैकी काही सोबत असेल तर त्याच तासाला रुग्णालय. आणि रंग लाल-केशरी आहे, पट्टी रक्त दाखवतच नाही, तर औषध बघा. डेफेरॉक्झामिन आणि डेफेरिप्रोनमुळे लघवी लालसर होते, डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन या केमोच्या औषधांनंतर एक-दोन दिवस लाल दिसते, रिफॅम्पिसिनने केशरी. याला घाबरण्याचं कारण नाही.

सिकलसेलमध्ये जळजळ नसताना नुसतंच रक्त जाणं बरेचदा मूत्रपिंडाच्या टोकाकडचा भाग रक्तपुरवठ्याअभावी मरण्याने होतं. तुटलेला तुकडा नळीत अडकला तर पोटशूळ उठतो, आणि अडकलेल्या जागी इन्फेक्शन झालं तर वेळ फार थोडा असतो. सोनोग्राफी लगेच.

हिमोफिलियात (रक्त गोठवणारा घटक कमी असण्याचा आजार) लघवीतून रक्त आलं की घरी उरलेली, रक्तस्राव थांबवणारी ट्रानेक्झामिक अॅसिडची गोळी घेण्याचा मोह होतो. ती घेऊ नका. तिने गुठळी घट्ट होते आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत बुचासारखी बसते. विश्रांती, ४८ तास भरपूर द्रव, इन्फेक्शनची तपासणी, आणि रक्त थांबत नसेल, वेदना असेल किंवा गुठळ्या पडत असतील तर फॅक्टर, म्हणजे तो कमी असलेला घटक, हा क्रम. इतकं पाणी चालू असताना रक्तस्राव थांबवायला डेस्मोप्रेसिन देऊ नये. ते पाणी शरीरात अडवून ठेवतं आणि सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरतं.

सायक्लोफॉस्फामाइड किंवा आयफॉस्फामाइडनंतर जळजळ आणि रक्त दोन्ही असतं, आणि कल्चर कोरं येतं. या औषधांपासून तयार होणारं अॅक्रोलिन मूत्राशयाचं अस्तर सोलतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांनी हेच चित्र बीके विषाणूमुळेही दिसतं. दोन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. पाणी, प्लेटलेट वर ठेवणं आणि गुठळ्यांनी लघवी अडू न देणं हाच मुख्य उपचार.

औषध निवडताना कुठे पाय घसरतो

पहिली गोष्ट: रुग्ण आधीपासून जी प्रतिबंधक गोळी घेत आहे, तीच उपचाराला देऊ नये. रोज को-ट्रायमॉक्झाझोल किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेणाऱ्याला इन्फेक्शन झालं, याचा अर्थ जंतू बहुधा त्या गोळीला न जुमानणारेच आहेत. मागच्या सहा महिन्यांतले कल्चर रिपोर्ट काढून पहिलं औषध त्यावरून ठरवावं.

नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या साध्या इन्फेक्शनला चांगलं. दिवसातून दोनदा घ्यायच्या प्रकारात १०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, पाच दिवस. पण ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसं पोहोचत नाही. ताप किंवा कंबरेत दुखणं असेल तर ते चालणार नाही. जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर लाल पेशी फुटण्याचा धोका आहे, आणि मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर औषध लघवीत उतरतच नाही. जळजळ कमी करायला दिलं जाणारं अल्कलीचं सिरप सोबत घेतलं तर याचं काम मंदावतं, कारण हे आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं चालतं. ही जोडी एकाच चिठ्ठीवर सर्रास दिसते.

फॉस्फोमायसिन: ३ ग्रॅमची एक पुडी, सुमारे १०० मिलिलिटर साध्या पाण्यात विरघळवून लगेच, एकदाच. गरम पाण्यात नको. हेही फक्त मूत्राशयापुरतं. बाकीच्या औषधांशी भांडण कमी, म्हणून या रुग्णांत सोयीचं.

को-ट्रायमॉक्झाझोल फोलेटच्या वाटेत येतं. मज्जा आधीच थकलेली असेल तर पेशी आणखी उतरतात, पोटॅशियम वाढतं. केमोतल्या मेथोट्रेक्सेटसोबत ही जोडी जीवघेणी ठरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसोबत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) झपाट्याने चढतो. सिप्रोफ्लॉक्सासिनही आयएनआर चढवतं. त्यामुळे वॉर्फरिन घेणाऱ्याने अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून तीन-चार दिवसांत आयएनआर करावा. कॅल्शियम, लोह, झिंक आणि अँटासिड सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच बांधून टाकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं. व्हेनेटोक्लॅक्स किंवा इब्रुटिनिब ही रक्ताच्या कर्करोगाची गोळी चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांची रक्तातली पातळी वाढवतं, त्यामुळे त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, ऑन्डान्सेट्रॉन किंवा आर्सेनिक ट्रायऑक्साइडसोबत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आधी ईसीजी काढून त्यातलं क्यूटी हे अंतर लांबलेलं नाही ना ते बघावं.

सेफट्रायाक्झोन नेहमीचं आणि उपयोगी इंजेक्शन आहे, पण क्वचित त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं लाल पेशी फोडतात. वारंवार हे इंजेक्शन मिळालेल्या सिकलसेलच्या मुलांत असं घडल्याच्या नोंदी आहेत. डोसनंतर काही मिनिटांत किंवा तासांत पाठदुखी, फिकटपणा, गडद लघवी दिसली तर इंजेक्शन थांबवायचं आणि ही गोष्ट त्या कागदावर कायमची लिहायची. प्लेटलेट कमी असतील किंवा हिमोफिलिया असेल तर कुठलंही इंजेक्शन स्नायूत नको, शिरेतूनच.

अमिकासिनसारखी औषधं मायलोमाच्या (मज्जेच्या कर्करोगाच्या) रुग्णाचं आधीच दबलेलं मूत्रपिंड आणखी बिघडवतात. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर प्लेटलेट उतरतात. सिकलसेलमध्ये क्रिएटिनिन फसवं असतं: मूत्रपिंड खराब होत असतानाही आकडा कमी दिसतो, आणि त्यावरून काढलेली मात्रा जास्त होऊ शकते.

किती दिवस द्यायचं? साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला औषधानुसार एक ते पाच दिवस, पुरुषांत सात, मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल तर सात ते चौदा. न्यूट्रोफिल वर यायचे बाकी असतील तर त्यापुढेही.

घरी काय करायचं, काय टाळायचं

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, जागेपणी विभागून. मायलोमात तीन लिटरपर्यंत सांगतात. सिकलसेलचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी लघवी फिकीच दिसते. ‘रंग पांढरा आहे म्हणजे पाणी पुरतंय’ हा अंदाज त्यांनी वापरू नये, मोजून प्यावं. लोह साठून हृदय कमजोर झालं असेल किंवा पाण्यावर बंधन असेल तर ही संख्या डॉक्टरांनी ठरवायची. सिकलसेलमध्ये सलाइनही गरजेपुरतंच. जास्त झालं तर छातीत पाणी साठून नवं संकट उभं राहतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही ताप मोजून आणि लिहून झाल्यावर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन नको. ती प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. लघवी केशरी करणारी फेनाझोपायरिडिनची गोळी जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेत वर्ज्य, इतरांनाही दोन दिवसांपुढे नको.

क जीवनसत्त्वाचे मोठे डोस लघवी ‘आम्ल’ करायला घेऊ नका. लोह साठलेल्या हृदयावर ते उलटू शकतात, जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेत लाल पेशी फोडू शकतात, आणि मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटच्या वेळी तर लघवी मुद्दाम अल्कलीधर्मी ठेवलेली असते. क्रॅनबेरीचा रस वॉर्फरिनसोबत विचारल्याशिवाय नको. जिवंत जंतूंच्या प्रोबायोटिक पुड्या न्यूट्रोफिल कमी असताना किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) असताना घेऊ नयेत. तेच जंतू किंवा यीस्ट रक्तात सापडल्याची उदाहरणं आहेत.

बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब देतं, लघवी पूर्ण सुटत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. व्हिन्क्रिस्टिननंतर बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं दोन्ही होतं. पहिल्या दिवसापासून शौच मऊ ठेवणारं औषध मागून घ्या. लघवी रोखून धरू नका, पुढून मागे धुवा, संबंधांनंतर लघवीला जा, शुक्राणुनाशक जेली टाळा. पाळी गेलेल्या बायकांना वारंवार त्रास होत असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडतं. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर आधी तज्ज्ञांना विचारा.

दोन-तीन दिवसांत फरक नाही तर

योग्य औषधाने ४८ ते ७२ तासांत ताप उतरायला लागतो. तसं झालं नाही तर औषध बदलण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: कल्चरची सेन्सिटिव्हिटी (जंतू कोणत्या औषधाला दाद देतात ती यादी) या औषधाशी जुळते का, लघवीच्या वाटेत खडा, गुठळी किंवा तुकडा अडकला आहे का, आणि मूत्रपिंडात किंवा प्रोस्टेटमध्ये गळू आहे का. पहिली तपासणी सोनोग्राफी. सीटी लागला तर शिरेतून द्यायच्या रंगद्रव्याबद्दल मायलोमाच्या आणि क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाने आधी सांगावं.

न्यूट्रोफिल शून्याजवळ असताना गळू धरत नाही, कारण पू व्हायला पेशीच नसतात. पेशी वर येऊ लागल्या की दडलेली जागा सुजते आणि दुखणं वाढतं, कधी ताप पुन्हा चढतो. रिपोर्ट सुधारत असताना रुग्ण बिघडताना दिसला तर तीच जागा पुन्हा सोनोग्राफीखाली घ्यायची.

तक्रार गेली की ‘जंतू गेले का’ म्हणून पुन्हा कल्चर करायची गरज नाही, गर्भवती सोडून. सीबीसी आणि क्रिएटिनिन मात्र कोर्स संपल्यावर आठवडाभरात करा, आणि कोणत्या जंतूवर कोणतं औषध चाललं, कोणतं नाही, ते पाकिटातल्या कागदावर तारखेसकट लिहा.